अंगणातलं डांबर आणि वळवाचा पाऊस

हुपरी रस्त्यावरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "फाटकापासून पोर्चपर्यंत डांबर घातलं त्याला चार वर्षं झाली. आता ते पांढुरकं पडलंय आणि कडेनं भेगा गेल्यात. 'हे' म्हणतात, सगळं उखडून काँक्रीट करू. भाऊजी म्हणतात, सील कोट मारा, काम भागेल. बाजूला ठेवलेले पैसे मुलीच्या बारावीनंतरच्या फीचे आहेत. कुणाचं ऐकू?"

ताई, आधी अंगणाचं ऐका.

आमच्या गडमुडशिंगीत पूर्वी अंगण म्हटलं की शेणानं सारवलेली माती. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ, गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळ, त्यामुळे उसाच्या रानांचे प्लॉट झाले, दारात गाड्या आल्या आणि काहींनी अंगणात डांबर घातलं. पण सारवण जे काम करत होतं तेच सील कोट करतो, हे लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात. सारवणानं खड्डा भरत नाही. वरची माती धरून राहते, एवढंच. आणि ते वेळच्या वेळी परत करावं लागतं. (शाळेत मोहेंजोदडोचा धडा शिकवताना मी मुलींना सांगते, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्नानकुंडालाही पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिला होता.)

ऊन आणि हवा यांनी डांबरातला चिकटपणा जातो. काळं डांबर आधी राखाडी दिसतं, मग कडक होतं आणि तडकतं. भेगेतून पाणी खालच्या खडी-मुरमात उतरतं आणि तिथून खरं नुकसान सुरू होतं. खाली काळी जमीन असली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा थर दरवर्षी थोडाथोडा उचलला जातो. स्कूटरमधून गळणारं ऑइल नि पेट्रोलही वाईट. डांबर आणि ही दोन्ही एकाच खनिज तेलाची भावंडं, त्यामुळे डांबर त्यात विरघळतं. तेव्हा अंगण काळंभोर दिसावं म्हणून जळकं ऑइल कधीही पसरू नये.

आता परीक्षा. दोन-चार बादल्या पाणी ओतून बघा. पाणी एका जागी साचून राहिलं तर उताराचा दोष आहे. तो आधी काढावा, वर कितीही कोट दिलेत तरी फुकट. भेगा सुट्या आणि बारीक असतील तर भाऊजींचं बरोबर. पण मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं, पाय दिला की हलतंय असं वाटलं, तर खालचा पाया गेलेला आहे. तेवढाच तुकडा चौकोनी कापून, खालची खडी दाबून नव्यानं भरून घ्यावा. पत्रावरून तरी भेगा फक्त कडेच्या दिसतात. तसं असेल तर सगळं उखडायची काही गरज नाही. फीच्या पैशाला हात लावू नका.

सरकारी रस्त्यावर सील कोट देतात तो गरम डांबर आणि बारीक खडीचा. तो घरी करण्याचा खेळ नव्हे, भाजतं. अंगणासाठी बिटुमेन इमल्शन बरं. दुधात स्निग्धांश जसा बारीक थेंबांनी पसरलेला असतो, तसं पाण्यात डांबर पसरवलेलं असतं. लावताना ते तपकिरी दिसतं, पाणी सुटून गेलं की काळं होतं. डब्यावर आयएस ८८८७ हा क्रमांक आहे का ते बघून घ्यावं. भेगांतलं गवत मुळासकट उपटावं, ऑइलचे डाग साबणाच्या पाण्यानं घासावेत, अंगण झाडून-धुऊन पूर्ण वाळू द्यावं. भेगा इमल्शन आणि बारीक वाळूनं आधी भराव्यात आणि मगच वर हात द्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यावेत. कोटातही वाळू हवीच. नुसतं गुळगुळीत केलंत तर पावसात तुळशीला पाणी घालायला गेलेल्या सासूबाई घसरतील, आणि त्या वयात मोडलेलं खुब्याचं हाड म्हणजे साऱ्या घराची परीक्षा.

वेळ कोणती? पुष्कळजणी मृग तोंडावर आला की धावपळ करतात. आपल्याकडे त्याआधीच वळीव गाठतो. दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि ओला कोट गटारीत जातो. होळी झाली की काम काढावं, सकाळी लवकर सुरू करावं आणि दोन दिवस गाडी बाहेर ठेवावी. नव्या डांबरावर मात्र लगेच कोट नको, एक उन्हाळा जाऊ द्यावा. पुढे तीन-चार वर्षांनी पुरे. दरवर्षी थरावर थर चढवले तर ते सोलून निघतात. जुन्यावर नवं डांबर टाकत गेलं तर आणखी वाईट: अंगण जोत्याच्या वर येतं आणि पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत.

"शेजारच्या रस्त्याचं डांबर उरलंय, तासात करून देतो," असं म्हणत कुणी दारात आला तर त्याला पाणी द्यावं, काम देऊ नये. त्या पिंपात काय आहे हे तो सांगणार नाही. डांबर म्हणून आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो: एक खनिज तेलातलं बिटुमेन, दुसरं दगडी कोळशापासूनचं कोलटार. कोलटारला डांबरगोळ्यांसारखा उग्र वास येतो, कारण गोळ्यांतलं नॅप्थॅलीन मूळचं त्यातलंच. त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात आणि ती पावसाबरोबर वाहून ओढ्या-विहिरीपर्यंत जातात. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरानं २००६ सालापासून असल्या सील कोटावर बंदी घातली. जिथं मुलं अनवाणी खेळतात तिथं तर तो नकोच.

आणि हो, होळीनंतर वाळवणाचेही दिवस असतात. डांबरी अंगण छान तापतं खरं, पण कोट नवा असो की जुना, पापड-कुरडया त्यावर घालू नयेत, खाली कागद अंथरला तरी. त्यांना गच्चीच बरी.