रॅम्प झाला, नोट्सचं काय?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. प्रवेशाचं दार उघडलं; पुढे वर्गात काय?

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा झेरॉक्सची स्कॅन केलेली पीडीएफ पडते. मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या लेखी ते निव्वळ चित्र, म्हणून तो गप्प. मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर तो बोलतो, पण अगम्य काहीतरी! युनिकोडमध्ये टंकलेली फाइल द्यायला ना निधी लागतो, ना निविदा.

पुस्तकांबाबत कायद्याची आडकाठीही नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ प्रती काढायला सूट दिली. २०१४मध्ये याच हेतूच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच.

परीक्षेआधी लेखनिक शोधण्याची धावपळ मात्र बहुधा विद्यार्थ्याच्याच गळ्यात. महाविद्यालयांनी निदान लेखनिकांची यादी जूनमध्येच तयार ठेवावी.