पहिला बेस, पहिले विमान

साप्ताहिक सदर : नोकरीची वाट

वैमानिकाचा परवाना हाती आला म्हणजे आकाश मोकळे झाले, ही आपल्याकडच्या पालकांची समजूत परवान्यापुरती खरी असली तरी नोकरीपुरती फार अपुरी आहे. कारण दोनशे तासांचे उड्डाण, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी या दिव्यांतून पार पडलेल्या मुलाला अगर मुलीला विमान कंपनीने रुजू करून घेतले, की त्यानंतरच ज्यांवर पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य अवलंबून असते असे दोन प्रश्न उभे राहतात, आणि त्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर देण्याचा अधिकार त्याच्या हाती नसतो. विमान कोणते मिळणार, हा पहिला. आणि बेस कोणता मिळणार, हा दुसरा.

बेस म्हणजे केवळ बिऱ्हाड करण्याचे शहर नव्हे. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांविषयी जे सरकारी नियम आहेत, त्यांनुसार कंपनीने नेमून दिलेले आणि जेथून कामगिरीला सामान्यतः आरंभ होऊन जेथे तिची समाप्ती होते, ते ठिकाण म्हणजे 'होम बेस' होय. तेथे मुक्कामाची सोय कंपनी करीत नाही, आणि घर दूर असेल तर जाण्यायेण्याचा भार ज्याचा त्याने सोसावयाचा. विमानाचे बंधन याहूनही घट्ट आहे. परवान्यावर ज्या जातीच्या विमानाची नोंद, म्हणजे टाइप रेटिंग, तेवढेच विमान वैमानिकाने चालवावयाचे. एअरबस ए-३२० शिकलेल्याला बोइंग-७३७ मध्ये बसवावयाचे तर पुन्हा वर्ग, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा अनुभवी कमांडरच्या देखरेखीखालची फेरी, हा सर्व खर्चिक क्रम नव्याने पार पाडावा लागतो. म्हणूनच एकदा एका जातीवर घातलेला माणूस कंपनी सहसा लवकर हलवीत नाही.

या नेमणुका होतात त्या कंपनीच्या गरजेने. कोणत्या जातीची किती विमाने येत्या सहामाहीत दाखल होणार, ती रात्री कोणत्या शहरात उभी राहणार, सिम्युलेटरच्या किती जागा रिकाम्या आहेत, एका बेसवरून किती प्रथम अधिकारी कमांडसाठी वर सरकले आणि त्यांच्या जागी किती नवे हवेत, या हिशेबातून नव्या तुकडीची वाटणी ठरते. आणि अरुंद धडाच्या एका विमानामागे डझनाहून अधिक वैमानिक लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या हिशेबाचा व्याप किती मोठा आहे याची कल्पना येते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, जे तोवरचे उच्चांकी प्रमाण होते. एवढी विमाने आणि एवढी माणसे यांची सांगड घालताना नव्या मुलाची आवडनिवड विचारलीच पाहिजे असा शिरस्ता आपल्याकडे नाही. त्याच्या नेमणूकपत्रात 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी' एवढे कलम असले म्हणजे कागदाचे काम संपते.

हा विषय सावद्यात बसून लिहावासा का वाटला, हे सांगणे अवश्य आहे. वैमानिक घडविण्याचे काम आता खानदेशात दूरचे राहिलेले नाही. ज्या मुंबई फ्लाइंग क्लबमधून जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये या देशातला पहिला परवाना मिळाला, त्याच क्लबचे शिक्षण धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर चालते. शिरपूरच्या धावपट्टीवर स्वतंत्र उड्डाणशाळा आहे. आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशाळांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्या जोडीला आपले जळगाव होते. केळीच्या बागांवरून घिरट्या घालणारी शिकाऊ विमाने रावेर, यावल, चोपड्याकडच्या माणसाला आता नवलाची राहिली नाहीत. त्या विमानांत बसण्याची आकांक्षा येथल्या मुलामुलींच्या मनात उपजावी, हे स्वाभाविक आहे आणि मला ते अत्यंत आनंदाचे वाटते.

परंतु या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या आत सहसा भागत नाही; कंपनीच्या कॅडेट योजनेतून जावयाचे आणि टाइप रेटिंगही त्यातच उरकावयाचे म्हटले, तर आकडा कोटीच्या घरात जातो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात, आणि आमच्या भागात तारण म्हणजे जमीन. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झाली तरी हप्ता थांबत नाही, हे ज्याला पुरते ठाऊक आहे, असा कुटुंबप्रमुख पोराच्या हौसेसाठी सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढवून घेतो. तेव्हा पोराला पहिली नेमणूक कोणत्या शहरात आणि कोणत्या विमानावर मिळेल, म्हणजेच त्याच्या हाती महिन्याअखेर काय उरेल आणि कमांड किती वर्षांनी मिळेल, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पंख्याच्या एटीआरवर पडलेल्या नवख्याचे वेतन जेटवर पडलेल्या त्याच्याच सोबत्याहून सामान्यतः कमी असते. पुढे जेटवर जावयाचे तर कंपनीची मंजुरी, नवे टाइप रेटिंग आणि बहुधा नवा बाँड. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे: सध्या जळगावला येणारी प्रवासी विमाने याच एटीआर-७२ जातीची आहेत, तेव्हा ज्याला कधीमधी आपल्याच जिल्ह्याच्या धावपट्टीवर प्रवाशांसह उतरण्याचे भाग्य लाभावयाचे, तो बहुधा याच कमी पगाराच्या विमानावरचा असणार.

विमान बेस ठरविते, हे या धंद्याचे जुने सूत्र आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन पहिले विमान निघाले, तेव्हा वाटणी सोपी होती: कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत जे. आर. डी. टाटा आणि तेथून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट. दोन माणसे, दोन पल्ले. ज्येष्ठतेचा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. पुढे मार्ग वाढले, जाती वाढल्या आणि माणूस विमानामागे जाऊ लागला. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांना सहवैमानिक घेऊन, सर्व कर्मचारी स्त्रियाच असलेले जे इतिहासप्रसिद्ध उड्डाण केले, ते मुंबई-पुण्याच्या आकाशात झाले नाही. ते झाले कोलकात्याहून सिलचरला, कारण त्यांच्याकडे असलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे काम त्या बाजूच्या मार्गांवर होते. आज भारतात वैमानिकांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, हे प्रमाण जगातल्या बहुतेक देशांहून पुष्कळच वरचे आहे. आणि पती-पत्नी दोघेही वैमानिक असलेल्या घरांत दोघांचे बेस एका शहरात पडणे ही संसार टिकण्याची पहिली अट होऊन बसते, याचा विचार वाटणी करणाऱ्या दप्तराने करावयास नको काय?

आणि वाटणीचा नियम अस्पष्ट ठेवला म्हणजे काय होते, हे या देशाने एकदा पुरतेपणी पाहिले आहे. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे एकीकरण झाले, परंतु दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठता कशी जुळवावी हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. त्यासाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. इतक्यात बोइंग-७८७ हे नवे विमान येऊ घातले, आणि त्याच्या शिक्षणासाठी कोणाला पाठवावयाचे यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी मे २०१२ मध्ये जो संप पुकारला, तो जवळजवळ दोन महिने चालला. बाहेरून पाहणाऱ्याला ते मोठ्या पगाराच्या लोकांचे भांडण वाटले. माझ्या मते ते एका न लिहिलेल्या नियमाचे भांडण होते. विमान कोणते मिळणार यावर ज्याची पुढची वीस वर्षे ठरतात, त्याला 'तूर्त धीर धरा' हे उत्तर पुरत नाही. त्यानंतर २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि दोन याद्यांची एक यादी करण्याचे तेच नाजूक काम पुन्हा करावे लागले.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची वहिवाट निराळी आहे. तेथे नवी तुकडी शिक्षणाला दाखल झाली, की अमुक शहर, अमुक विमान, अशी रिकाम्या जागांची यादी तिच्यापुढे ठेवली जाते आणि एकेकाने ज्येष्ठतेच्या क्रमाने आपली पसंती नोंदवावयाची असते. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत ज्येष्ठ कोण, हे काही कंपन्यांत जन्मतारखेने, तर काहींत अन्य एखाद्या ठरीव रीतीने निश्चित होते. ज्याचा क्रमांक शेवटचा, त्याच्या वाट्याला बहुधा न्यूयॉर्कसारखे महागडे शहर येते. पण ते का आले हे त्याला ठाऊक असते, आणि आपल्यामागून किती माणसे आली म्हणजे आपण तेथून निघू शकू, याचा अंदाज तो स्वतःच बांधू शकतो. पुढे सुट्ट्या, फेऱ्या, विमानबदल, कमांड, हे सारे त्याच एका क्रमांकावर चालते.

ज्येष्ठतेच्या या पद्धतीत कठोरपणा आहे, आणि तो मी नाकारीत नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा वीस-वीस वर्षे सेवा केलेल्या वैमानिकांना दुसऱ्या कंपनीत गेल्यावर यादीच्या तळाशी बसावे लागले. कारण ज्येष्ठता कंपनीची असते, माणसाची नव्हे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हाही तेच झाले. तथापि हा कठोरपणा उघड आहे, सर्वांना सारखा आहे आणि त्यात ओळखीपाळखीला जागा नाही. म्हणून कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या वाटणीपेक्षा तो मला शतपटीने ग्राह्य वाटतो.

उघड्या यादीचे मोल आमच्या भागातल्या शिक्षकांना विचारावे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या पूर्वी कशा होत, कोणाचा कागद कोणत्या टेबलावरून कसा पुढे सरके, याच्या कहाण्या सांगणारी माणसे येथे घरोघरी आहेत. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने अवघड क्षेत्र व सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी झाली, संवर्ग ठरले, रिक्त जागा संगणकावर दिसू लागल्या आणि पसंतिक्रम भरून देण्याची रीत पडली. त्या पद्धतीविरुद्धही तक्रारी झाल्या, खटले झाले, दुरुस्त्या झाल्या. पण सातपुड्याच्या पाड्यावर काही वर्षे काढलेल्या शिक्षिकेला आपला हक्क कोणत्या कलमाखाली येतो हे बोट ठेवून दाखविता येऊ लागले, ही केवढी मोठी गोष्ट आहे! प्राथमिक शाळेच्या नेमणुकीत जे शक्य झाले, ते सिम्युलेटर आणि रोस्टर संगणकावर चालविणाऱ्या कंपन्यांना अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य होणार नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे की व्यापाराची गरज रोज बदलते, तेव्हा बेसचे वचन आगाऊ देता येत नाही. हे खरे आहे. पण मागणी वचनाची नाहीच, नियमाची आहे. शिवाय सरकारने वैमानिकाला बांधून घेताना व्यापाराच्या अनिश्चिततेची सबब मानलेली नाही. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडावयाची तर सहवैमानिकाने सहा महिने आणि कमांडरने एक वर्ष आधी सूचना दिली पाहिजे. इतकी दीर्घ मुदत दुसऱ्या कोणत्या नोकरीत आहे? प्रवाशांची गैरसोय होऊ नये, हे त्या बंधनाचे कारण सांगितले जाते. तर मग डिसेंबर २०२५ मध्ये जे घडले तेही आठवावे: साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेले असताना, देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे वैमानिकांच्या नियोजनाअभावी काही दिवसांत रद्द झाली आणि महासंचालनालयाला नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. माणसे किती व कोठे लागतील याचा हिशेब बिनचूक मांडण्याची जबाबदारी कंपनीची होती. ती चुकली तेव्हा पहिला भार पडला तो विश्रांतीच्या नियमावर, आणि दुसरा विमानतळांवर ताटकळलेल्या प्रवाशांवर.

म्हणून माझी मागणी इतकीच आहे की महासंचालनालयाने जसा सूचनेच्या मुदतीचा नियम केला, तसा नेमणुकीचाही करावा. प्रत्येक कंपनीने बेस व विमान कोणत्या क्रमाने दिले जाते ते छापून द्यावे. आपली ज्येष्ठतेची यादी तिच्यातल्या प्रत्येकाला पाहता यावी. बेस बदलण्याचा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला आणि तो कितव्या क्रमांकावर आहे, याचा दाखला अर्जदाराला मिळावा. आणि पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद, जी शिक्षकांना आहे, ती येथेही असावी. हा कागद मुलाच्या हाती पडावयाचा तो नोकरीच्या दिवशी नव्हे, तर शिक्षणाची पहिली रक्कम भरण्यापूर्वी. कॅडेट योजनांत तर शिक्षण देणाराच पुढे नोकरी देणार असतो, तेथे ही अडचणीची बाबच नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर दरवर्षी १८० वैमानिक घडविणारी उड्डाणशाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. विदर्भ-खानदेशातली कितीतरी कुटुंबे तिच्याकडे डोळे लावून असणार. त्या शाळेच्या प्रवेश-अर्जालाच हा नियम जोडून देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि तो वाचूनच तलाठ्याच्या दप्तरी बोजा चढविण्यासाठी जावे की न जावे, हे ठरविण्यास आमच्याकडचा शेतकरी समर्थ आहे.

— तापीकर, सावदा