डोंगरावरचं घर आणि अंगणातला स्विमिंग पूल

आखातातून परतलेल्या किंवा निवृत्तीचे पैसे हाती आलेल्या आपल्यातल्या अनेक कुटुंबांत हल्ली एक विषय हमखास निघतो: पाचगणी-महाबळेश्वरला बंगला घ्यायचा, आणि तोही स्विमिंग पूलवाला. जाहिरातीत धुकं असतं, दरी असते, निळंशार पाणी असतं. घरातले पुरुष किंमत विचारतात, मुलं पाण्याकडे बघत राहतात.

या इच्छेला हसू नये. तिच्यामागे एक खरी गरज आहे. आपल्या मुली, सुना, बहिणी सार्वजनिक तलावावर मोकळेपणाने पोहू शकत नाहीत. चार भिंतींच्या आत, पडदा सांभाळून त्यांना पाण्यात उतरता यावं असं बापाला वाटलं, तर त्यात गैर काय? पण इच्छा चांगली असली म्हणजे सौदा चांगला असतोच असं नाही. म्हणून आधी थोडं गणित करू.

सातवीच्या वर्गात घनफळ शिकवतो, तेवढंच पुरे आहे. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल धरा. पाणी झालं ३८,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. आरामात पोहायला पाणी २७-२८ अंशांचं हवं. डोंगरावरच्या हिवाळ्यात ते १७-१८ अंशांवर असेल, तर दहा अंश वाढवावे लागतील. साध्या विजेच्या हीटरने एवढं पाणी एकदा तापवायला सुमारे ४५० युनिट वीज लागते. हीट पंप बसवला तर साधारण चौथ्या हिश्शात काम होतं, पण ते यंत्र स्वस्त नाही आणि हवा जितकी गार तितकी त्याची ताकद कमी. शिवाय तापवलेलं पाणी तापलेलं राहत नाही. उघड्या पुलाची उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते. गार, कोरड्या, वाऱ्याच्या रात्री ती झपाट्याने जाते. रोज रात्री जाड आच्छादन घातलं नाही, तर सकाळी पुन्हा पैसे जाळायचे.

हिवाळ्यात पाणी गार, म्हणून पावसाळ्यात पोहू म्हणाल, तर महाबळेश्वरात वर्षाला सरासरी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे तुमच्या १.२ मीटर खोल पुलात आभाळातून साडेपाच मीटर पाणी पडणार. औषध वाहून जाणार, पाला साचणार, शेवाळ धरणार. पूर्वेकडच्या पाचगणीला पाऊस बराच कमी, पण ओल आणि धुकं आहेच. उरला उन्हाळा. तेव्हा पोहायला मजा येते खरी, पण त्याच दिवसांत डोंगरावर पाण्याची ओढ असते. कातळावरून पावसाचं पाणी खाली कृष्णा-कोयनेला निघून जातं. शेजारच्या वाडीतली बाई हंडा घेऊन उभी असताना आपण टँकरने पूल भरायचा का? वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही शिकवण आपण मुलांना देतो. इस्राफ म्हणजे फक्त ताटात अन्न टाकणं नव्हे.

तरीही घ्यायचंच असेल, तर कागद बघा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे. तिथे तीव्र उतारावरचं बांधकाम, झाडतोड आणि भूजलाचा उपसा यांवर बंधनं आहेत. सातबारा, बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. मंजूर नकाशात पूल दाखवलेला आहे का, हे मुद्दाम पाहा. नकाशात नसलेलं बांधकाम उद्या पाडलं गेलं, तर विकणारा फोन उचलणार नाही. मोठा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी तपासा. आपल्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, वकिलाला कागद दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि घरात लहान मूल असेल, तर पुलाभोवती कुलपाचं कुंपण पहिल्या दिवशी हवं. मूल बुडताना आवाज होत नाही.

“भाड्याने देऊ, खर्च निघेल,” असं दलाल सांगतो. पण सुट्टीला पूलवाला बंगला घेणारे गट तिथे काय पितात, काय करतात, हे आपल्या हातात राहत नाही. ज्या पडद्यासाठी घर घेतलं, त्याच घरात हे चालवायचं का, याचा विचार आधी करा. जकातीचंही समजून घ्या. स्वतःच्या वापराच्या घरावर जकात नाही. भाड्यातून साठलेल्या रकमेवर आहे. विकून नफा कमवायच्या इराद्यानेच घेतलं असेल, तर ते व्यापाराच्या मालात मोडतं आणि दरवर्षी बाजारभावाचा हिशोब करावा लागतो. व्याजाचं कर्ज काढून सुट्टीचं घर घेणं तर माझ्या मनाला पटत नाही. राहायला छप्परच नसणाऱ्याची मजबुरी वेगळी, ही मजबुरी नव्हे.

सगळ्यात अवघड प्रश्न पैसा कुठून आला हा आहे. पुष्कळदा गावची वडिलोपार्जित जमीन विकून ही रक्कम उभी राहते. त्या जमिनीत बहिणींचा हिस्सा असतो. अल्लाहने ठरवून दिलेला हिस्सा आहे तो, भावाची मेहेरबानी नव्हे. बहीण भिडेखातर हक्कसोडपत्रावर सही करते, माहेर तुटू नये म्हणून गप्प बसते. मग तिला सुट्टीत चार दिवस बंगल्यावर बोलावून तिचा हक्क फिटतो का? आधी तिचा हिस्सा तिच्या हातात द्या. त्यानंतर तिने खुशीने काही दिलं, तर ती गोष्ट वेगळी.

बायको-मुलींना पोहायला शिकवायचं असेल, तर आपल्या शहरातल्या तलावावर फक्त महिलांची, महिला प्रशिक्षक असलेली वेळ आहे का, ते विचारा. नसेल तर दहा-वीस घरांनी मिळून अर्ज द्या. डोंगराची हवा हवी असेल, तर वर्षातून दोनदा चार दिवस घर भाड्याने घ्या. वीज, गाळणी, क्लोरीन, माळी, सगळी काळजी मालकाची. एवढं करूनही तिथे कायम राहायचं मनात असेल, पैसा स्वच्छ आणि कर्जमुक्त असेल, तर घरच्या बायकांशी मशवरा करा, इस्तिखारा करा आणि घर बघायला भर जुलैत जा. पावसात जे घर आवडेल, ते बाराही महिने आवडेल.