बार्बेक्यूच्या मेन्यूवर बिअर एकच ठेवा, पण हलकी ठेवा

बार्बेक्यू सुरू करणारं कुणी मेन्यू दाखवायला आणलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. पेयांचं. तिथे सात-आठ बिअरची यादी, आणि सगळ्यात वर स्ट्राँग. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, तीच खपते."

खपते, मान्य. पण तुम्ही विकताय काय? कोळशाचा धूर, मॅरिनेशन, भाजलेली खरपूस कड. स्ट्राँग म्हणजे ५ टक्क्यांच्या वर, ८ पर्यंत अल्कोहोल. तिखटावर जास्त अल्कोहोल गेलं की जिभेची आग वाढते. हॉप्सचा कडवटपणाही तेच करतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "चिकन फारच तिखट केलंय हो." दोष चिकनचा नसतो, नाव मात्र तुमचं खराब होतं.

माझं मत सरळ आहे. उन्हाळ्यापुरती एकच हलकी, फळांच्या वासाची एल ठेवा, साडेचार-पाच टक्क्यांची. मी बेल्जियन विट निवडेन. गव्हाची बिअर, त्यात संत्र्याची साल आणि धणे. हो, आपल्या मसाल्याच्या डब्यातले धणे! कडवटपणा अगदी कमी. पनीर टिक्का, भाजलेला मासा, लिंबू-मीठ लावलेलं कणीस, कशाशीच ती भांडत नाही, आणि बुडबुड्यांनी तोंडातला तेलकटपणा निघून जातो. जर्मन हेफेवायझेनही चालेल. तिला केळ्याचा वास येतो आणि आत केळं अजिबात नसतं, सगळी यीस्टची करामत. वेटरला हे सांगून ठेवा, टेबलावर गप्पा रंगतात.

आंब्याची बिअर मात्र नावावर भुलून घेऊ नका. काही सरबतासारख्या गोड असतात. गोड सॉसच्या विंग्जबरोबर दोन घोटांत नको होतं.

आता परीक्षा. नुसती बिअर चाखून ऑर्डर देऊ नका. आपला सगळ्यात तिखट पदार्थ समोर ठेवा. घास, घोट, घास. तिसऱ्या घासाला पाणी मागावंसं वाटलं तर ती बिअर बाद. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली, आता मायक्रोब्रुअरी बऱ्याच झाल्यात. एक संध्याकाळ तिथे बसून जीभ तयार करा. हा खर्च शिक्षणाचा समजा.

आणि ते फ्रीजरमधले बर्फाळ मग बंद करा! बिअर फार गार झाली की ज्या वासाचे पैसे मोजले तोच मरतो. बाटल्या उन्हातही ठेवू नका, वास बिघडतो.

हे सगळं राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेतल्यावर, आणि २१ वर्षांखालच्या कुणालाही नाही. यात शॉर्टकट शोधू नका. परवाना हातात येईपर्यंत मेन्यूवर कोकम सोडा ठेवा. आंबट, बुडबुडेदार, आणि तिखटाशी त्याचंही मस्त जमतं.