काचेच्या पेटीतला समुद्र आणि श्रावकाचे घर



‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३ साली आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. आज घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांतली मुले वाढदिवसाला हीच जोडी मागतात. खाऱ्या पाण्याची छोटी पेटी, दोन मासे आणि त्यांना राहण्यासाठी एक समुद्रपुष्प, ज्याला दुकानात ॲनिमोन म्हणतात, एवढीच ती मागणी असते. ती निरागस आहे. परंतु होकार देण्यापूर्वी श्रावकाने तिचा पुरता हिशेब मांडावा.

समुद्रपुष्प नावापुरतेच फूल आहे. वस्तुतः तो प्राणी आहे. त्याच्या फुलासारख्या दिसणाऱ्या बाहूंमध्ये विषारी दंशपेशी असतात. इतर लहान मासे त्यांच्या स्पर्शाने मरतात; क्लाउनफिशला मात्र अंगावरील श्लेष्माच्या थरामुळे इजा होत नाही. मासा त्या बाहूंमध्ये आश्रय घेतो आणि मोबदल्यात समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या माशांना हाकलून लावतो. त्याच्या उत्सर्गातूनही समुद्रपुष्पाला पोषण मिळते. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हा तत्त्वार्थसूत्राचा विचार आपण जैन प्रतीकाखाली नेहमी वाचतो. त्याचे इतके बोलके उदाहरण समुद्रातही विरळच.

हे नाते छोट्या पेटीत सहसा टिकत नाही. समुद्रपुष्पाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याच्यासाठी अन्न तयार करते. म्हणून त्याला प्रखर दिवे लागतात. पाण्याचे तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि क्षारता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम अशी स्थिर ठेवावी लागते. पेटी मांडल्यावर निदान सहा महिने तिचे पाणी स्थिरावू द्यावे, असे जाणकार सांगतात. चाळीस-पन्नास लिटरच्या पेटीत पाण्याची वाफ झाली की मीठ मागे राहते आणि क्षारता लवकर वाढते. मुंबईच्या मे महिन्यात पाणी सहज तीस अंशांपुढे जाते. मग शरीरातील शैवाल निघून जाते आणि समुद्रपुष्प फिके पडून हळूहळू उपाशी मरते. जागा पसंत नसली तर ते सरकत जाऊन पंपात अडकते, आणि मेल्यावर कुजून पेटीतील सारे पाणी दूषित करते.

सांभाळले तर हा जीव किती जगतो, हेही पाहावे. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले. ते थंड पाण्यातल्या आणि काटक अशा वेगळ्या जातीचे होते. डॅलिएल १८५१ मध्ये निवर्तले. ती बरणी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली गेली आणि ते समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले. पेढी जशी पुढच्या पिढीकडे जाते, तशी ती जबाबदारी हस्तांतरित होत राहिली. क्लाउनफिशही चांगल्या देखभालीत दहा वर्षांहून अधिक जगतो. आज हट्ट धरणारे मूल तोवर महाविद्यालयात गेलेले असेल. पाणी कोण बदलणार, हे आजच ठरवायला हवे.

त्याहून मोठा प्रश्न आहाराचा आहे. समुद्रपुष्पाला कोळंबीचे किंवा माशाचे तुकडे भरवतात. क्लाउनफिशला बारीक कोळंबीवर्गीय जीव देतात. कोरड्या खाद्यातही बहुधा माशांचे चूर्ण असते. ज्या घरात कंदमुळेही वर्ज्य आहेत, त्या घरात हे रोज हाताळावे लागेल. शिवाय अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. पंचेंद्रिय तिर्यंचाला केवळ शोभेसाठी कोंडून ठेवणे त्यात कसे बसत नाही, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

व्यापारी म्हणून आणखी एक गोष्ट आपल्याला सांगावी लागू नये. माल उचलला गेला की दुकानदार पुन्हा मागवतो. क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीतही होते; समुद्रपुष्प मात्र बहुतांशी समुद्रातूनच काढून आणतात. मेलेल्याच्या जागी दुसरे घेणे म्हणजे आणखी एक जीव काढण्याची ऑर्डर देणे होय. अभयदान म्हणून मासे विकत घेऊन वर्सोव्याच्या पाण्यात सोडणे हाही उपाय नव्हे. ते पाणी त्यांचे नाही. तेथे ते जगणार नाहीत आणि दुकानातली रिकामी जागा पुन्हा भरेल.

ज्यांच्या घरी क्लाउनफिश आधीच आहेत, त्यांनी त्यांना अंतर देऊ नये. पेटीत क्लाउनफिश समुद्रपुष्पाशिवाय उत्तम जगतो. त्यासाठी ते आणण्याची गरज नाही. वाफेने घटलेले पाणी गोड्या, शुद्ध पाण्याने भरावे, खाऱ्या नव्हे. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान रोज पाहावे आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा. शोभेसाठी कोणी जिवंत प्रवाळ देऊ केले तर घेऊ नये; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. हे मासे आयुष्य पूर्ण करतील तोवर त्यांचा सांभाळ करावा आणि पुढे नवे आणू नयेत.

मग मुलाला नुसता नकारच द्यायचा का? मुळीच नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रपुष्पे आपली आपण राहतात. ओहोटीला जुहूच्या आणि हाजी अलीच्या खडकांतील डबक्यांत ती दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवत आला आहे. क्लाउनफिश तेथे भेटणार नाही. त्याचे घर लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत आहे. परंतु बाहू मिटून बसलेले समुद्रपुष्प पाणी परतताच कसे उमलते, हे मुलाला पाहता येईल. जाताना ईर्यासमितीचा पाठही सोबत न्यावा: पाऊल पाहून टाकावे, काही उचलू नये, काही उपटू नये. वाढदिवसाची ही भेट स्वस्त आहे, आणि तिच्यासाठी कोणताही जीव कोंडावा लागत नाही.