कचरा उचलण्याआधी

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असतात, देणगीदारांचे ऋणनिर्देश असतात. अशा पानांत कचऱ्याचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते हा विषय येथेच शोभतो. निवासी विद्यालयात शेकडो मुले एकत्र जेवतात, राहतात, कपडे-वह्या वापरतात. म्हणून कचरा कसा निर्माण होतो आणि तो कसा टाळता येतो, हे शिकण्याचे याहून चांगले ठिकाण नाही.

कचऱ्याच्या व्यवस्थापनाला जगभर एक क्रम मान्य झाला आहे. प्रथम कचरा होऊच न देणे, मग वस्तू पुन्हा वापरणे, त्यानंतर तिच्यापासून नवे काही बनवणे, तेही न जमल्यास तिच्यातील ऊर्जा मिळवणे आणि अगदी शेवटी उरलेल्याची विल्हेवाट लावणे. युरोपीय संघाने २००८ साली हा क्रम कायद्यातच घातला. आपल्याकडे मात्र बहुतेक उपक्रम शेवटच्या पायरीपासून सुरू होतात. वर्षातून एकदा किनाऱ्यावर स्वच्छता मोहीम होते, पोती भरतात, छायाचित्रे निघतात. आणि त्याच मोहिमेच्या अल्पोपाहारासाठी प्लास्टिकच्या बाटल्या व थर्माकोलच्या बशा आणलेल्या असतात.

योग्य मार्गावर बरेच अंतर चालून गेलेले एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, म्हणजे २०१५ नंतर, घराघरांतून वेगळा केलेला कचराच स्वीकारण्याची शिस्त लावली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, सुक्या पालापाचोळ्यापासून इंधनाच्या कांड्या आणि प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांचा डांबरी रस्त्यात वापर, अशी व्यवस्था तेथे उभी राहिली. एकेकाळी दुर्गंधीचे आगर असलेल्या कचरा डेपोला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असे नाव मिळाले आणि लोक तो पाहण्यासाठी येऊ लागले. लहान शहराला मोठी यंत्रे नसली तरी चालते, नागरिकांचे सहकार्य मात्र हवे, हा त्याचा धडा. पण या प्रयोगाचा गौरव करतानाही एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे : वर्गीकरण कितीही उत्तम झाले, तरी ते कचरा झाल्यानंतरचे काम आहे. आणि ते काम कोणाच्या तरी हातांनाच करावे लागते.

ते हात कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने केलेल्या ठरावांत, स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, अशी एक मागणी होती. ज्याची घाण त्याने निस्तरावी, हे तत्त्व पर्यावरणाच्या परिभाषेत येण्याच्या कितीतरी आधी बाबासाहेबांच्या उपस्थितीत कोकणात मांडले गेले. आज जनावरांच्या जागी डायपर, सॅनिटरी पॅड, फुटकी काच आणि कुजलेले अन्न एकाच पिशवीत बांधून आपण दुसऱ्याच्या हातात देतो. ती पिशवी सोडणारे हात बहुधा त्याच वस्त्यांतले असतात, जेथून आपल्यापैकी अनेकांचे आईवडील बाहेर पडले. म्हणून कचरा कमी करणे हा आमच्या दृष्टीने सौंदर्याचा किंवा पर्यटनाचा प्रश्न असण्यापूर्वी माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करण्याचा आदर्शही आपल्याला दूर शोधावा लागत नाही. विनयपिटकात भिक्खू आनंद आणि कोसंबीचा राजा उदेन यांचा संवाद आहे. आनंदांना पाचशे चीवरे दान मिळाल्याचे कळताच राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना ती वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने, आच्छादनांच्या गादीच्या खोळी, पुढे बैठका, पायपुसणी, झाडणी. आणि अखेर चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवायची. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, माडाच्या झावळ्यांची झापे विणली, हिरांचे खराटे बांधले, करवंटीचे डवले केले, ते याच बुद्धीने. त्या काटकसरीमागे गरिबी होती, हे खरे. पण गरिबी गेली म्हणून ती बुद्धीही टाकून द्यावी, असे नाही.

यातून आमच्या सूचना क्रमानेच निघतात. पहिली : १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि मंगल परिणय या प्रसंगी प्रत्येक गावमंडळाने स्टीलच्या ताटवाट्या व पेल्यांचा सामायिक संच ठेवावा आणि दरवर्षी नव्या फ्लेक्सऐवजी एकच कापडी फलक वापरावा. शंभरांहून अधिक माणसे जमणाऱ्या कार्यक्रमात कचरा जागच्या जागी वेगळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी आयोजकांवरच टाकली होती, हेही आठवावे. दुसरी : माजी विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तके, दप्तरे व सुस्थितीतील गणवेश विद्यालयात जमा करण्याची प्रथा पाडावी. तिसरी : वसतिगृहाच्या ताटात मागेल तेवढेच वाढावे, उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत परसातल्या माडांना व केळींना द्यावे. चौथी : सुका कचरा धुऊन, वेगळा करूनच बाहेर जावा आणि हे काम शिक्षक-विद्यार्थी सर्वांनी पाळीपाळीने करावे, ते एकट्या सफाई कामगाराचे समजू नये. पाचवी : प्लास्टिक जाळणे व व्हाळात टाकणे पूर्ण बंद व्हावे. जिल्ह्यातील व्हाळ पावसाळ्यात खाडीला आणि खाडी समुद्राला मिळते. १९८७ साली अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या सागरात आपली पिशवी पोहोचली की ती रापणीच्या जाळ्यात नाहीतर कासवाच्या पोटात जाते.

यातले काहीही खर्चिक नाही. सवयी मात्र मोडाव्या लागतील. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पहिली सूचना जरी येत्या जयंतीपासून अमलात आणली, तरी दुसऱ्या दिवशी मैदान झाडायला येणाऱ्या माणसाचे ओझे हलके होईल. कार्यक्रम चांगला झाला की नाही, याची पावती त्याच्याकडूनच घ्यावी, असे आम्हांस वाटते.