चवीपुरती भाषा

"आपल्या घरात जोवर मांडे होतात, कुंदा येतो आणि दिवाळीला फराळाची ताटे भरतात, तोवर मराठीला मरण नाही!" असे ठणकावून सांगणारे गृहस्थ आपल्या भागातल्या प्रत्येक समारंभात एक तरी भेटतात. टाळ्याही पडतात. अशा टाळ्या मीही पुष्कळ वाजवल्या आहेत. इतकेच कशाला, एकदोन स्नेहसंमेलनांत हे वाक्य मीच फेकले आहे. आज ते मी जाहीरपणे मागे घेतो. ही बुद्धी मला सिंगापूरच्या एका चिनी हॉटेलात, चिकन राइसची बशी पुढ्यात असताना झाली. कशी ते सांगतो. नंतर वाचकांनी मला हवे ते म्हणावे.

मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याच्या कचेरीतल्या एका चिनी गृहस्थांनी आम्हा उभयतांना रविवारी सकाळी जेवायला नेले. वय पन्नाशीच्या पुढे, स्वभाव अगत्यशील. चिनी जेवण म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचे लालभडक गोबी मंच्युरियन, एवढेच आमचे ज्ञान. पुढ्यात आले ते निराळेच. कोंबडी अख्खीच, उकळीच्या किंचित खालच्या पाण्यात मंद शिजवलेली आणि लगेच बर्फगार पाण्यात बुडवलेली. त्यामुळे कातडी तुकतुकीत आणि मांस लोण्यासारखे. तिचे जे पाणी उरते त्याला आपण अळणी म्हणू. तांदूळ कोंबडीच्या चरबीवर आले-लसूण घालून परतायचे आणि त्याच अळणीत शिजवायचे, वर पांदानचे सुवासिक पान. सोबत मिरचीची आंबट-तिखट चटणी, वाटलेले आले आणि दाट काळा सोया सॉस. दिसायला अगदी साधे, पण हात थांबत नाही.

मग ढकलगाड्या आल्या. त्यांवर बांबूच्या गोल करंड्यांची चळत आणि करंड्यांत वाफवलेले जिन्नस. एकाच्या पारदर्शक पारीला इतक्या नाजूक चुण्या होत्या, की आमच्या सौभाग्यवतींनी नकळत मोदकाच्या कळ्या मोजाव्यात तशा त्या मोजल्या. आत मात्र खोबरे नव्हे, कोळंबी. त्याचे नाव 'हार गाव'. दुसरे 'सिउ माय', तिसरे 'चार सिउ बाव'. यजमान नावे झरझर सांगत होते. 'डिम सम' हा शब्दच मुळी कँटनीज. हे खायला जाण्याला ते 'यम चा', म्हणजे 'चहा पिणे' म्हणतात. कोणी पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करायची, ते आभार. तेही आम्ही शिकलो.

मी म्हणालो, "वा! इतक्या पिढ्यांनंतरही तुम्ही सगळे जपले आहे." गृहस्थ हसले. म्हणाले, "मी हायनानी घरातला, माझी पत्नी कँटनीज. आमच्या मुलांना या सगळ्या पदार्थांची नावे येतात. पण नावांपलीकडे दोन्हीपैकी एकही बोली त्यांना येत नाही. मलाही माझी धड येत नाही. खायला येते, बोलायला येत नाही."

शेजारच्या मेजावर एक वृद्ध आजीबाई आणि दहाबारा वर्षांचा नातू बसले होते. आजी त्याच्या बशीत एकेक जिन्नस वाढत होती आणि काही विचारत होती. नातू आईकडे पाही. आई इंग्रजीत अर्थ सांगे, नातू इंग्रजीत उत्तर देई आणि आई ते आजीला तिच्या बोलीत कळवी. एका मेजावर तीन पिढ्या आणि मध्ये दुभाषी! यजमान हळूच म्हणाले, "ती एवढेच विचारते आहे, की आवडले का."

वाचकहो, ताट भरलेले होते. संस्कृती म्हणून जे जे फोटोत येते ते सगळे त्या मेजावर होते. नव्हती ती फक्त भाषा.

हे झाले कसे? हायनान बेटावरून आलेली ही माणसे सिंगापुरात इतर चिन्यांच्या मानाने उशिरा पोचली. चांगले धंदे आधीच्यांनी धरलेले होते. म्हणून यांनी इंग्रजांच्या घरची स्वयंपाकघरे, जहाजांवरचे भटारखाने आणि कॉफीची दुकाने धरली. मिडल रोडच्या आसपास त्यांची वस्ती झाली आणि मायदेशातल्या वनचांग गावच्या कोंबडीच्या पदार्थाचा तिथे चिकन राइस झाला. मिडल रोडवरचे 'स्वी की' हे त्यातले मोठे नाव १९९७ साली बंद झाले, पण पदार्थ वाढतच गेला. २०२० साली युनेस्कोने सिंगापूरच्या फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवले. ताटाला असा राजमान मिळाला.

आणि बोलीला? ७ सप्टेंबर १९७९ रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' ही मोहीम सुरू केली. हॉक्किएन, तिओच्यू, कँटनीज, हायनानी या बोलींनी चिनी समाज फुटतो, आणि घरी बोली, शाळेत मँडरिन व वर इंग्रजी हे ओझे मुलाला पेलत नाही, असा युक्तिवाद होता. रेडिओ-दूरचित्रवाणीवरचे बोलींतले कार्यक्रम क्रमाक्रमाने, १९८२ पर्यंत, बंद झाले. ली दाई सोर नावाचे कथेकरी वर्षानुवर्षे कँटनीजमध्ये गोष्टी सांगत आणि घरोघरी लोक कान लावून ऐकत. तो आवाजही थांबला.

उत्साह पाट्यांवरही चढला. तिथल्या भारतीय वस्तीतला टेक्का बाजार आपल्यापैकी सिंगापूरला जाऊन आलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. 'टेक्का' हा हॉक्किएन शब्द, अर्थ बांबूंचा पायथा. १९८२ साली बाजाराला नवी इमारत मिळाली, तेव्हा त्याच दोन चिनी अक्षरांचा मँडरिन उच्चार घेऊन नाव ठेवले 'झूज्याओ'. कोणाच्या तोंडी बसेना. अखेर २००० साली सरकारने पुन्हा 'टेक्का' केले. पाटी परत आली, पण ती वाचून ज्यांना बांबूचे बेट आठवावे त्यांची नातवंडे परत आली नाहीत.

आता गंमत पाहा. बोली घालवल्या त्या मँडरिनसाठी. मग मँडरिन तरी वाढली का? तिथल्या जनगणनेत पाच वर्षांवरील रहिवाशांना घरी मुख्यतः कोणती भाषा बोलता असे विचारतात. २०१० साली इंग्रजी सांगणारे ३२.३ टक्के होते, ते २०२० साली ४८.३ टक्के झाले. त्याच दहा वर्षांत मँडरिन ३५.६ वरून २९.९ टक्क्यांवर आली आणि साऱ्या चिनी बोली मिळून १४.३ वरून ८.७ वर. आजीची बोली एकदा ओझे ठरवली, की तिच्या जागी बसवलेली भाषाही पुढच्या पिढीत ओझेच ठरते.

२०१६ साली तिथे आणखी एक प्रकार घडला. वृद्धांना सरकारी योजना समजेनात, म्हणून सरकारी पाठबळाने दूरचित्रवाणीवर हॉक्किएन बोलीत मालिका काढावी लागली. तिचे नाव काय असावे? 'जेवलात का?' ज्या भाषेला घरातून निरोप दिला, तिला अखेर जेवणाची विचारपूस करतच परत बोलवावे लागले.

आता कोणी म्हणेल, "हे सगळे परक्या सरकारचे. आपला काय संबंध?" संबंध तिथेच आहे. सरकारने दूरचित्रवाणी बंद केली हे खरे, पण कुणाच्या स्वयंपाकघरात शिपाई उभा केला नव्हता. मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे शेवटी आईबापांनीच ठरवले. आणि आपल्या स्वयंपाकघरात तर तेवढीही सक्ती नाही. मुलाला पहिल्या इयत्तेत घालताना "घरी इंग्रजी बोला, नाहीतर मूल मागे पडेल" असे कुठल्याशा शाळेत सांगतात, आणि आपण मान डोलावून घरी येतो ते "बाळा, हँड वॉश कर, मग राइस ईट कर" असे म्हणतच. १९७९ सालचा तोच युक्तिवाद आपण आपखुशीने, फी भरून विकत घेतो.

हे ओझ्याचे म्हणणे आपल्या जिल्ह्यांत तरी कोणी ऐकून घेऊ नये. माझी आई शाळेचे तोंड न पाहता बाजारात कानडी, घरात मराठी आणि माहेरच्यांशी कोकणी बोलत असे. तिचे डोके फुटले नाही. भाजीवालीने "ऊट आयता?" विचारले, की ती कानडीत उत्तर देई आणि वळून आम्हाला मराठीत दटावी. कानडीने आमची मराठी कधी खाल्ली नाही. दोन भाषा शेजारणींसारख्या नांदतात, पण प्रत्येकीला घरात काम हवे. ज्या भाषेला काम उरत नाही ती पाहुणी होते, आणि पाहुणीला आपण सणालाच बोलावतो.

दुसरा आक्षेप पोटाचा. "इंग्रजीने सिंगापूर कुठल्या कुठे गेले. तुम्ही मुलांना उपाशी ठेवणार का?" मुळीच नाही. मुलांनी इंग्रजी शिकावी आणि उत्तम शिकावी. माझा मुलगा इंग्रजीच्या बळावरच तिकडे गेला. पण तो मराठी शाळेत शिकून गेला, हेही विसरू नका. इंग्रजी येण्यासाठी मराठी न येणे ही अट कोणी घातली? कोणत्या कचेरीत तसा अर्ज भरून द्यावा लागतो?

तिसरा आक्षेप सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. "सण आहेत, पदार्थ आहेत, ढोलताशे आहेत. मग काळजी कसली?" त्या गृहस्थांकडेही सण आहेत, आणि पदार्थ तर युनेस्कोच्या यादीत आहेत. पदार्थ टिकवायला जिभेला फक्त चव लागते. गिऱ्हाईक मिळाले की तो आपोआप टिकतो. भाषेला गिऱ्हाईक लागत नाही, बोलणारा आणि ऐकणारा लागतो. पाककृतीत लिहितात ना, 'मीठ चवीपुरते', तशी आपण मराठी चवीपुरती ठेवली आहे. करंजी, चकली, अनारसे, आई, बाबा, आजोबा आणि आरतीच्या चार ओळी. उरलेला सगळा स्वयंपाक दुसऱ्या भाषेत.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे असे समजू नका. सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. माझी नात मातृभाषा म्हणून हिंदी शिकते. त्या दिवशी हॉटेलातून परतल्यावर मी तिला विचारले, "काय गं, आवडले का जेवण?" ती म्हणाली, "यम्मी होतं, आजोबा," आणि पुढचे सारे इंग्रजीत सांगून मोकळी झाली. मला निम्मे कळले. मी मुलाकडे पाहिले. मुलाने अर्थ सांगितला. शेजारच्या मेजावरच्या आजीबाईंना तासाभरापूर्वी पाहून आलो होतो, म्हणूनच हे माझ्या ध्यानात आले. एरवी मी नातीच्या इंग्रजीचे चारचौघांत कौतुक करत बसलो असतो. बेळगावात असतो तरी तेच केले असते. माझ्या बहिणीचा नातू इथेच, चार गल्ल्यांवर राहतो आणि त्याची मराठीही त्याच मापाची आहे.

तेव्हा ठराव, मोर्चे आणि संमेलने चालू द्या, ती हवीतच. पण त्यांच्या आधी घरातल्या मराठीला काम द्या. हिशेब मराठीत करा. भांडण मराठीत करा, ते तर नक्कीच. मुलाने इंग्रजीत विचारले तर रागावू नका, उत्तर मात्र मराठीत द्या आणि तो चुकत बोलला तर हसू नका. निम्म्या पोरांची मराठी आपल्या हसण्यानेच बंद पडली आहे. रोज रात्री दहा मिनिटे त्याला एखादे पान मोठ्याने वाचायला लावा. मी दर रविवारी फोनवर नातीकडून एक पान वाचून घेऊ लागलो आहे. ती कंटाळते, 'ळ' म्हणताना अडखळते, मध्येच इंग्रजीत घुसते. मी थांबतो. ती परत येते.

यंदा फराळाचे ताट पुढे आले की घरातल्या धाकट्याला हा अंक हातात द्या आणि हाच लेख वाचून दाखवायला सांगा. जमला तर चकली दोन जास्त द्या. नाही जमला, तर पुढच्या दिवाळीला हा अंक घरात कुणासाठी घ्यायचा, याचा विचार त्याच ताटावर बसून करा.